नूमेनॉर बुडालं ते लाटेनं नव्हे (धागा)

मृगबाग

मंडळी, सध्या आमच्याकडं रात्रीच्या लाईटचा आठवडा आहे. दहाला येणार म्हणतात, येते साडेअकराला. तोवर मळ्यातल्या खोलीसमोर बाजेवर पडून मोबाईलवर वाचत बसतो. महिनाभरात टोल्किनचं नूमेनॉर असं वाचून संपवलं आणि आता ते डोक्यातून जाईना. घरात कुणाला सांगावं तर विचारतात, "कोणत्या तालुक्यात आलं हे?" म्हणून इथं लिहितो.

ज्यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' फक्त सिनेमात पाहिलंय त्यांच्यासाठी: ही त्याच्याही आधीच्या युगाची गोष्ट. टोल्किन १९७३ साली गेला, मुलानं कागदपत्रं लावून १९७७ ला 'सिल्मारिलियन' छापलं, त्याच्या शेवटाकडं हे प्रकरण आहे. राजांची यादी आणि बारीकसारीक तपशील मात्र १९८० च्या 'अनफिनिश्ड टेल्स'मध्ये. मला ही यादीच जास्त आवडली. फेरफाराची वही वाचल्यासारखं वाटतं.

तर गोष्ट अशी. मॉर्गोथ नावाचा मूळ दुष्ट हरला. त्याच्याविरुद्ध लढलेल्या माणसांना वालारांनी (देव म्हणा, मला दिक्पाल जास्त जवळचे वाटतात) भर समुद्रात एक बेट राहायला दिलं, तेच नूमेनॉर. आकार पाच टोकांच्या चांदणीसारखा. मधोमध मेनेल्तार्मा डोंगर, माथ्यावर उघडं देवस्थान. मूर्ती नाही, छप्पर नाही. वर्षातून तीनदा लोक वर जायचे आणि तिथं राजा सोडून कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. आपल्याकडच्या यात्रेतला भोंगा आठवला आणि या माणसाचा हेवा वाटला.

दुसऱ्या युगाच्या ३२ व्या वर्षी पहिला राजा एल्रोस गादीवर बसला. त्याचा भाऊ एल्रॉन्ड. दोघंही अर्धे एल्फ, अर्धे माणूस. कोणत्या बाजूला जायचं ते निवडा, असं दोघांना सांगितलेलं. एल्रॉन्ड एल्फांकडं गेला, अमर झाला. एल्रोसनं माणूस व्हायचं म्हणजे मरायचं निवडलं, पण त्याला आयुष्य मिळालं ५०० वर्षांचं. प्रजेलाही बाकीच्या माणसांच्या कितीतरी पट. अट एकच होती: पश्चिमेला आपला किनारा दिसेनासा होईल इतकं लांब जायचं नाही, कारण तिकडं अमरांचा देश. गोष्टीत "सहा खोल्या उघड, सातवी उघडू नको" असं आलं की आपल्याला कळतंच पुढं काय होणार. इथं मात्र ते व्हायला तीन हजार वर्षं लागतात.

शेवट सगळ्यांना माहीत आहे. ३३१९ साली शेवटचा राजा आर-फाराझोन प्रचंड आरमार घेऊन अमरांच्या देशावर चालून गेला, पृथ्वीचा आकार बदलला, बेट समुद्रात गेलं. आणि सगळे म्हणतात, मॉर्गोथचा जुना चेला सॉरॉननं त्याला नादी लावलं. कैदी म्हणून आणलेला माणूस चार दिवसांत दरबारात कानाशी लागला, देऊळ बांधून घेतलं, त्यात माणसं बळी दिली, पांढरं झाड निम्लोथ तोडून जाळलं. खरं आहे. पण माझं म्हणणं वेगळं आहे. बेट बुडालं ते त्याच्या हजारभर वर्षं आधी, तार-अतानामिर राजाच्या काळात.

का ते सांगतो. एल्रोस वारला तेव्हा त्याचा मुलगा वार्दामिर ३८१ वर्षांचा होता. त्यानं राजदंड हातात घेतला नाही, तो थेट आपल्या मुलाला दिला. यादीत त्याच्या नावावर एकच वर्ष राज्य लावलंय, तेही मानानं. पुढं रीतच पडली. राजा धडधाकट असतानाच राजदंड वारसाला द्यायचा आणि मग शांतपणे, आपल्या मर्जीनं जगाचा निरोप घ्यायचा. अतानामिर पहिला, ज्यानं राजदंडही सोडला नाही आणि जीवही. ४२१ वर्षं जगला. बुद्धी गेली, भान गेलं, तरी हातातला दंड सुटला नाही. २२२१ साली मरणानं ओढून नेला.

आता घरचं. माझ्या आजोबांच्या करदोट्याला धान्याच्या कोठीची आणि कपाटाची किल्ली असायची. आमच्याकडं सालदाराचं वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बदलतं. एका आखाजीला सालाचं ठरवायला माणूस आला. आजोबा ओट्यावर. त्यांनी करदोट्याची गाठ सोडायला घेतली, सुटेना. आजीनं आतून विळा आणून दोरा कापला. किल्ली वडलांच्या हातात ठेवून आजोबा त्या माणसाला म्हणाले, "आता याच्याशी बोल." त्यानंतर अकरा वर्षं जगले. ज्वारी काय भावानं गेली, एकदाही विचारलं नाही. कानावर पडलं तर ऐकायचे.

त्यांचे चुलत भाऊ याच्या उलट. नव्वदीत दवाखान्यातल्या खाटेवरसुद्धा उशीखाली जुडगा. पन्नाशी उलटलेली मुलं खताच्या पैशाला हात पसरून उभी. ते गेले आणि महिन्याच्या आत तीन भाऊ कोर्टात. केळीचा मळा दोन हंगाम पडीक.

म्हणून म्हणतो, सॉरॉन यायच्या आधीच घर पोकळ झालं होतं. अतानामिरनंतर काय होतं बघा: लोक मेलेल्यांसाठी घरांपेक्षा मोठी थडगी बांधायला लागतात, मढी टिकवायची विद्या शोधतात, जगायला मिळालेली वर्षं मरणाला घाबरण्यात घालवतात. आणि जितकं घाबरतात तितकं आयुष्य आखूड होत जातं.

तुमच्या मते पडझड कुठून सुरू झाली? लाईट आली. मोटर लावून येतो.

शेवभाजी_डबल_तिखट

भो, येवढं मोठं? तरी पूर्ण वाचलं. मी २०२२ ची वेबसिरीज पाहिली होती. त्यात तर मिरिएल राणी कारभार करते. म्हणजे किल्ली बाईच्या हातात होती ना? मग भांडण कशाचं?

चोपड्याची_पुण्यात

@शेवभाजी, मालिकेनं काळ पार एकमेकांत घातलाय, तिच्यावर जाऊ नका. पुस्तकात मिरिएलच्या हातात किल्ली आलीच नाही.

तिचा बाप तार-पालान्तिर हा शेवटचा शहाणा राजा. जुनी रीत परत आणायला बघत होता, पांढऱ्या झाडाची निगा राखा म्हणून सांगत होता, कारण झाड मेलं की राजवंश संपेल असं त्याला दिसलं होतं. तो ३२५५ ला गेला. मुलगा नव्हता. गादी कायद्यानं मिरिएलची. चुलतभाऊ फाराझोननं तिच्या मनाविरुद्ध तिच्याशी लग्न लावलं, इतक्या जवळच्या नात्यात लग्न त्यांच्या रीतीला मान्य नसताना, आणि राजदंड स्वतःकडं घेतला. तिचं नावसुद्धा बदललं.

आणि हा कायदा कुणाचा? सहावा राजा अल्दारिओन. त्याला एकच मुलगी. तेव्हा ठरलं की राजाचं थोरलं अपत्य, मुलगा असो की मुलगी, तेच गादीवर बसेल. त्याची मुलगी तार-अंकालिमे ही पहिली राणी.

मृगबागभाऊ, लेख झकास. किल्लीची गोष्ट वाचून घशाशी आलं. पण एक विचारते, रागावू नका. आजोबांनी दोरा कापून किल्ली वडलांच्या हातात दिली, त्या दिवशी तुमची आत्या कुठं होती? आखाजीला माहेरी आली असेल ना?

मृगबाग

होती. आखाजीला झोका खेळायला आलेली होती. दोन आत्या. मी लिहिताना त्यांचा विचारही केला नाही, हे कबूल.

जुनाजाणता

तुम्हा लोकांना समुद्रात बुडालेलं राज्य बघायला विलायतेला जावं लागतं याची गंमत वाटते. महाभारतातलं मौसलपर्व वाचा. यादवांची सत्ता, संपत्ती, मस्ती, दारू पिऊन आपसात मुसळांनी (म्हणजे एरका गवतानं) मारामारी, मग कृष्ण गेला आणि द्वारका पाण्याखाली. सगळं आहे. देवाला आव्हानही आहे: ऋषींची टिंगल केली म्हणून तर शाप.

टोल्किनसाहेब प्लेटोच्या ॲटलांटिसवरून उठले हे त्यांनीच सांगितलंय. बुडालेल्या बेटाला एल्फी भाषेत त्यांनी 'अतालान्ते' असं नावही देऊन ठेवलंय. मूळ वाचा, नक्कल कशाला?

चोपड्याची_पुण्यात

काका, नक्कल म्हणू नका. टोल्किनला लहानपणापासून एक स्वप्न पडायचं: हिरव्या शेतांवर, झाडांवर चढत येणारी प्रचंड लाट. लिहून काढल्यावर पडायचं थांबलं असं त्यानं पत्रात म्हटलंय. तेच स्वप्न पुढं 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या फारामिरला दिलं. स्वप्नाची नक्कल कोण करतं?

आणि द्वारका बुडते तेव्हा यादव आधीच संपलेले असतात. रिकाम्या नगरीवर पाणी चढतं. नूमेनॉर माणसांसकट, पाळण्यांसकट जातं. दोन्ही गोष्टींचा हिशोब वेगळा आहे.

शेवभाजी_डबल_तिखट

जुनाजाणता काका, मौसलपर्व काढलंच आहे तर पुढचंही सांगा ना. अर्जुन द्वारकेच्या बायकांना घेऊन निघाला आणि वाटेत काठ्या घेतलेल्या आभीरांनी त्याला लुटलं. गांडीव चालेना. आभीर म्हणजे अहिर, अहिर म्हणजे कोण? आपणच की 😄 बुडालेल्या राज्यातून वाचलेल्यांना लुटणारे, आपली एवढीच नोंद!

जुनाजाणता

शेवभाजी, तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. (मनातल्या मनात हसलो.)

निवृत्त_मास्तर_धुळे

मूळ लेखकाचा मुद्दा मला पटतो, आणि त्यासाठी फार लांब जायची गरज नाही. आपल्या खानदेशाचंच राज्य घ्या.

मलिक राजा फारुकी. फिरोजशाह तुघलकाकडून थाळनेर-करवंदचा मुलूख जहागिरीत मिळाला आणि १३८२ ला तो स्वतंत्र झाला. राजधानी थाळनेर, आपल्या शिरपूर तालुक्यातलं. आज तापीकाठी थडगी उभी आहेत, मुलं क्रिकेट खेळतात. त्याचा मुलगा नासीरखान याने असीरगड घेतला. कसा? जुना इतिहासकार फिरिश्ता सांगतो त्याप्रमाणे, किल्लेदार आसा अहिराला निरोप पाठवला की माझ्या घरच्या बायकांना गडावर आसरा दे. डोल्या वर गेल्या, आणि त्यातून हत्यारबंद माणसं उतरली. (शेवभाजी, इथंही अहिर आहे, पण लुटला गेलेला. हिशोब फिटला.) मग तापीकाठी बऱ्हाणपूर वसवलं.

आता मुद्दा. फारुक्यांची एक रीत होती. जो गादीवर बसेल त्याने घरातले बाकीचे पुरुष, भाऊ, पुतणे, सगळे असीरगडावर नजरकैदेत ठेवायचे. बायकामुलांसह, खाऊनपिऊन सुखी, पण गडाखाली उतरायचं नाही. भाऊबंदकी टाळायचा उपाय म्हणे. याचा परिणाम काय? राजा अलीखान हा कर्तबगार माणूस, पण तो १५९७ मध्ये मोगलांच्या बाजूने दख्खनच्या फौजांशी लढताना मारला गेला. मागे गादीवर आला त्याचा मुलगा बहादूर, जो तोवर त्याच गडावर कोंडलेला. ज्याने बाजार पाहिला नाही, फौज पाहिली नाही, माणूस ओळखणं शिकला नाही, त्याच्या पुढ्यात कोण ठाकलं? अकबर. बहादूर गडावर जाऊन बसला. गडावर धान्य, पाणी, तोफा भरपूर. अकबराने त्याला बोलणीसाठी खाली बोलावलं आणि ठेवून घेतलं. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. दरबारी लेखक रोगराई सांगतात, जेझुइट पाद्र्यांच्या हकिकतीत सोन्याची लाच आहे. खानदेशचं नाव काही काळ 'दानदेश' झालं, शहजादा दानियालवरून.

म्हणजे अतानामिरने वारसाला किल्ली दिली नाही, फारुक्यांनी वारसालाच कुलूप लावलं. मला विचाराल तर दुसरं जास्त वाईट. वाट पाहणारा वारस निदान मोकळ्या हवेत तरी वाट पाहतो.

मृगबाग

मास्तर, दंडवत. असीरगडावर दोनदा गेलो आहे, रावेरहून जवळच. तटावरून खाली बघताना नुसतं "काय भारी किल्ला" म्हणून आलो. तिथं कोंडलेली माणसंही असतील असं मनातही आलं नव्हतं.

पांझराकाठ

मी काय म्हनस ते आयका.

सगळे अतानामिर, फाराझोन करत बसलेत. मला त्या यादीत दुसरंच खुपलं. सुरुवातीच्या राजांची नावं सगळी 'तार' लावलेली, म्हणजे एल्फांच्या भाषेतली, दरबारी. मग एक राजा येतो, २८९९ साली, आणि बेटावरचे लोक घरात जी बोली बोलतात त्या अदूनाइकमध्ये नाव घेतो: आर-अदूनाखोर. आणि पुस्तकात लगेच तो वाईटांच्या रांगेत. पुढचे सगळे 'आर'वाले वाईट. पालान्तिर परत 'तार' लावतो, तो चांगला.

आपली मायनी बोलीमा नाव लिन्हं म्हनीसन राजा वाईट? हाई काय न्याव शे?

मी साक्रीकडची. शाळेत अहिराणी बोललं की बाई पट्टी काढायच्या. "शुद्ध बोल." आज पन्नाशीला आले, तरी फोनवर भावाशी बोलताना कुणी जवळ आलं की माझी भाषा आपोआप बदलते. तेव्हा दरबारी भाषा म्हणजे सज्जन आणि घरची भाषा म्हणजे पडझड, असलं काही वाचलं की माझं डोकं फिरतं. टोल्किनला भाषेचा प्रोफेसर म्हणतात ना?

शेवभाजी_डबल_तिखट

ताई +१. आर-शेवभाजी असं नाव बदलून घेऊ का?

चोपड्याची_पुण्यात

पांझराताई, हा मुद्दा इतका नेमका आहे की दोन दिवस विचार करून लिहितेय.

एक, अदूनाखोर या नावाचा अर्थ 'पश्चिमेचा स्वामी'. ती पदवी वालारांच्या मुख्याची. लोकांना खुपलं ते नाव कोणत्या भाषेत घेतलं यापेक्षा कुणाचं घेतलं हे. आणि गंमत बघा, राजांच्या अधिकृत नोंदवहीत त्याचं नाव तरीही जुन्या दरबारी भाषेतच लिहिलं गेलं, कारण रीत मोडली तर काही अशुभ होईल अशी भीती! आपल्याकडं घरात अख्खं लग्न अहिराणीत ठरतं, देण्याघेण्यावरून भांडणं अहिराणीत होतात, आणि पत्रिका मात्र "आमचे येथे श्रीकृपेकरून". तसंच.

दोन, खरा घात नंतर होतो. आर-गिमिल्झोर एल्फांची भाषा बोलण्यावरच बंदी घालतो, बोलणाऱ्याला शिक्षा. पश्चिमेच्या अंदूनिएतल्या निष्ठावंतांना (वालारांशी आणि एल्फांशी इमान राखणाऱ्यांना) घरंदारं सोडायला लावून पूर्वेला रोमेन्नाजवळ आणून बसवतो, डोळ्यांपुढं राहावेत म्हणून. म्हणजे हातात पट्टी घेणारी ती बाई कुठल्या बाजूला बसते ते तुम्हीच सांगा.

तीन, आणि हे मला सगळ्यात आवडतं: शेवटी कोण टिकलं? लॉर्ड ऑफ द रिंग्जमध्ये फ्रोडो, सॅम, खानावळवाले, व्यापारी जी सामान्य बोली बोलतात, ती अदूनाइकमधूनच आलेली आहे. बंदरांवर, बाजारात, बाकीच्या बोलींशी मिसळून. बेट बुडालं, दरबार बुडाला, घरची बोली सगळ्या जगाची झाली.

पांझराकाठ

हाई माहीत नव्हतं. मग ठीक शे. प्रोफेसरला माफ करते. पट्टीवाल्या बाईंना नाही.

संपादक

शेवभाजी, तुमचे तीन अवांतर प्रतिसाद (भरिताला वांगं कोणतं, लेवा भरीत की आणखी कुठलं) पाककृती विभागात हलवले आहेत. तिथं ऐंशी प्रतिसाद झालेत, इथं विषयावर बोलू या.

सातपुडा_पायथा

बराच वेळ नुसता वाचत होतो. तुम्ही सगळ्यांनी बेटावरचं वाचलंय. मी शहाद्याकडचा, मी किनाऱ्यावरचं वाचलं.

आधीच्या काळात नूमेनॉरची जहाजं मध्य-पृथ्वीच्या (बेटाच्या पूर्वेकडच्या मोठ्या भूमीच्या) किनाऱ्याला लागायची तेव्हा ती माणसं गुरुजी म्हणून आली. पेरणं, दळणं, लाकूड कापणं शिकवलं. लोकांना वाटलं, देवच आले. पण जहाजं बांधायला लाकूड लागतं. अल्दारिओन, तोच तो मुलीला गादी देणारा चांगला राजा, त्याला समुद्राचं वेड. बायको एरेंडिस घरी वाट बघून कडू झाली. तिचं झाडांवर प्रेम, याचं जहाजांवर. त्यानं ग्वाथ्लो नदीच्या मुखाशी बंदर बांधलं आणि तिथून आत जंगलतोड सुरू झाली. पुढच्या राजांनी तर दोन्ही काठ साफ केले. तिथले रानातले लोक आधी बघत राहिले, मग दबा धरून मारायला लागले, मग त्यांना शत्रू ठरवलं, मग जंगल पेटलं. पुढच्या युगात तो अख्खा प्रदेश उजाड माळ आहे, पुस्तकातली माणसं तिथून जातात आणि कुणाला आठवतही नाही की इथं रान होतं.

ही पानं वाचताना मला एल्फ वगैरे काही दिसेना. सागवान दिसत होतं. आमच्या पंजोबांच्या गोष्टीतलं, ज्याला दोन माणसांची मिठी पुरायची नाही.

त्यानंतर किर्यातान राजाच्या काळात खंडणी सुरू झाली. आधी बियाणं दिलं, मग हिस्सा मागितला. त्याचाच मुलगा तुमचा अतानामिर. तेव्हा मृगबागभाऊ, किल्ली वगैरे ठीक आहे, पण ज्याच्या हातात किल्ली द्यायची ते कोठार कुणाच्या धान्यानं भरलं होतं? माझ्या मते पडझड सहाव्या राजाच्या पहिल्या कुऱ्हाडीला सुरू झाली. तुमच्या २२२१ च्या कितीतरी आधी.

अजून एक. वर कुणीतरी लिहिलंय, बेट माणसांसकट गेलं. मिरिएल शेवटच्या घटकेला मेनेल्तार्मावर चढायला निघाली आणि पोचली नाही, असं एका ओळीत आहे. ती ओळ मला पुढं जाऊ देईना. माझ्या मावशीचं गाव धरणाच्या फुगवट्यात गेलं. पाणी चढायला लागलं तेव्हा सामान आधीच वर नेलेलं होतं, तरी मावशी दोनदा परत खाली गेली. जात्याची खालची तळी राहिली होती. दुसऱ्यांदा गेली तेव्हा पाणी ओट्याला लागलं होतं. मावसाने दंडाला धरून वर आणली. तळी राहिलीच. उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा देवळाचा चौथरा आणि चिंचेचं खोड दिसतं, ती तिकडं तोंड करून बसत नाही.

त्या बेटावर अशा किती मावश्या असतील. त्यांनी कुठं आरमार बांधलं होतं? नऊ जहाजं वाचली म्हणतात. त्यात कोण होतं? एलेंडिल आणि त्याचे दोन मुलगे, त्यांची माणसं, सात दूरदर्शी गोटे आणि झाडाचं रोप. राजघराण्याचीच एक शाखा. जात्याची तळी कुणी घेतली नाही.

निवृत्त_मास्तर_धुळे

सातपुडा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. यावर मी काही लिहीत नाही.

मृगबाग

सातपुडाभाऊ, माझा मुद्दा तुम्ही अर्धा मोडला आणि तो मोडला हे बरं झालं. अर्धा मात्र अजून धरून आहे. अल्दारिओननं जंगल तोडलं, पण त्यानं राजदंड वेळेत मुलीला दिला. जो सोडू शकतो तो कधीतरी सुधारूही शकतो. अतानामिरनंतर ती वाटच बंद झाली.

चोपड्याची_पुण्यात

सातपुडा म्हणाले तशी ती राजघराण्याचीच शाखा, बरोबर. पण कोणती शाखा ते बघा, आणि मृगबागभाऊ, हे खास तुमच्यासाठी राखून ठेवलं होतं.

चौथा राजा तार-एलेंडिल. त्याचं थोरलं अपत्य मुलगी, सिल्मारिएन. तेव्हा मुलीला गादीचा कायदा नव्हता, म्हणून गादी तिच्या धाकट्या भावाला गेली. त्या भावाचा मुलगा अल्दारिओन. म्हणजे सिल्मारिएन ही अल्दारिओनची सख्खी आत्या. भाच्यानं कायदा बदलला, पण आत्याच्या पदरात काही पडलं नाही. हक्कसोड झालेलीच होती. तिला बापानं एक जुनी अंगठी दिली, बाराहिरची. तिच्या मुलापासून अंदूनिएचं घराणं निघालं. त्यातलाच बुडत्या बेटावरून निघालेला एलेंडिल.

भावाच्या घराण्याकडं राजदंड होता, तो फाराझोनबरोबर गेला. आत्याच्या घराण्याकडं होता तो अंदूनिएच्या सरदारांचा साधा दंड, तो एलेंडिलबरोबर आला आणि उत्तरेच्या राज्याचा राजदंड झाला. अंगठी फिरत फिरत 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधल्या अरागॉर्नपर्यंत पोचली.

आता सांगा, आखाजीला झोक्यावर बसलेल्या दोन आत्यांचं काय झालं?

शेवभाजी_डबल_तिखट

आई शप्पथ. ही गोष्ट वेबसिरीजवाल्यांना कुणीतरी सांगा.

मृगबाग

काल रात्री परत लाईटची वाट बघत होतो. वडील पण मळ्यातच होते. त्यांना हा सगळा धागा वाचून दाखवला, एल्फ-बिल्फ गाळून. किल्लीचा भाग आला तेव्हा त्यांनी खिशावरून हात फिरवला. (किल्ली अजून त्यांच्याकडंच आहे, अडुसष्ट झालेत. मी काही बोललो नाही.) आत्याचा भाग आला तेव्हा म्हणाले, "तिला विचार की फोन करून. मला काय विचारतो."

आज सकाळी थोरल्या आत्याला फोन लावला. ती आधी केळीचा भाव विचारत राहिली, मग आईची गुडघेदुखी. मी मधेच विचारलं, "आत्या, हक्कसोडच्या कागदावर सही केली तेव्हा तुला काय वाटलं होतं?" थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, "तुझ्या आजोबांनी साडी आणली होती जळगावहून. डाळिंबी रंगाची."

मी म्हटलं, "बरं."

म्हणाली, "अजून घडी मोडली नाही रे तिची."

इतक्यात तिकडं दारात कुणीतरी आलं आणि तिनं फोन ठेवला. धाकट्या आत्याला अजून लावला नाही. आता लाईट आली आहे, कांदेबागेला पाणी सोडायचंय.